मलकापूर कशानं बिघडलं

लग्न होऊन मी पुण्याहून मलकापूरला आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मलकापूर नुकतंच बिघडलं होतं. निदान तिथली माणसं तसं म्हणायची. "पयले असं नव्हतं बाप्पा," हे वाक्य मी सासरी पाऊल टाकलं त्याच दिवशी ऐकलं, आणि माप ओलांडताना ऐकल्यामुळे मला वाटलं हे माझ्याबद्दलच चाललंय. तसं नव्हतं. गावाबद्दल चाललं होतं. जिनिंगच्या काही चिमण्यांमधून धूर यायचा, काहींच्या तोंडाशी पिंपळ उगवला होता. नळाला पाणी आलं की ती बातमी असायची. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर चिखल, आणि चिखल पावसाचा नव्हे, आमचाच, घराघरातून आलेला.

गाव कशानं बिघडलं, ही तिथली संध्याकाळची करमणूक होती. पुण्यात लोक नाटकाला जायचे, आमच्या गल्लीत लोक ओट्यावर बसून हा विषय काढायचे. मला पहिल्यापासून त्याचा राग यायचा, कारण विषय निघाला की चहा मला करावा लागे.

आता त्या ओट्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे मातीदगडाचा ओटा. दिवाळीला तो नव्याने लिंपायचा, आणि लिंपताना थोडासा पुढे घ्यायचा. थोडासाच. समोरच्यानेही तसंच केलेलं असायचं. अशा किती दिवाळ्या गेल्या कोण जाणे, पण मी आले तेव्हा सासूबाई आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या समोरच्या ओट्यावरच्या बाईला सुपारी देऊ शकत होत्या. कापसाची गाडी चुकून गल्लीत शिरली तर मधेच अडकायची. मग गाडीवान शिव्या द्यायचा, सासूबाई त्याच्या बैलांना भाकरी घालायच्या, आणि दोन्हीकडच्या भिंतींना कापूस लागलेला असायचा तो आम्ही वातींसाठी वेचून घ्यायचो. गटाराला तिकडे नाली म्हणतात. ती नाली दोन्ही बाजूंच्या ओट्यांखाली गेली होती. तिला कुणी पाहिलेलं नव्हतं, फक्त वास यायचा. तुंबली की पाणी वर येऊन गल्लीत तळं व्हायचं. त्या तळ्याच्या दोन्ही काठांना ओट्यांवर पाय वर घेऊन माणसं बसलेली, आणि विषय चालू, की गाव कशानं बिघडलं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यात अडकलं. ती उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती आणि माझा दीर तिला आवडला. त्यालाही ती आवडली. सासूबाईंना तर ती दोघांच्याही आधी आवडली होती, कारण त्यांच्या विनोदांना घरात हसणारी ती एकटीच होती. "हे पोरगी मले पाह्यजे," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. राहता राहिले आमचे बाबा. बाबा पुण्यात एका कचेरीत हेडक्लार्क. आमचं मूळ घर मोताळ्याचं, मलकापुराहून हाकेवर. पण बाबा लहानपणीच पुण्याला गेले, आणि पुण्याला गेले ते असे गेले की मोताळ्याचं नाव घरात निघालं तर ते पेपर उघडायचे. माझं लग्न नात्यातून जमलं म्हणून मलकापूरला झालं. दुसरीच्या वेळी मात्र ते म्हणाले, "एक मुलगी दिली तर लोक चूक म्हणतील, दुसरी दिली तर स्वभाव म्हणतील." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी तेव्हा माहेरी गेले होते आणि त्यांनाच वाढत होते. मी आमटीचा डाव परत पातेल्यात ठेवला आणि उठून गेले.

बहिणीने रडून रडून दिवस काढले तेव्हा एवढं कबूल झालं की दिवाळीनंतर बाबा स्वतः येऊन गाव बघतील आणि मग हो की नाही ते सांगतील.

सासूबाईंनी तयारी केली ती दिराची. माझा दीर अकोल्याला कॉलेजात शिकून आला होता आणि जिनिंगच्या मजुरांच्या सभांना जायचा. त्याचं मत असं, की गाव बिघडलं ते वर्गामुळे. मालकांचे बंगले रेल्वेच्या बाजूला, तिथे नाल्या सरळ आणि पक्क्या. मजूर आणि आमच्यासारखे इकडे, तुंबलेल्या पाण्यात. मला ते पटायचं. पण तो बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि मालक, भांडवल, शोषण असं करत करत समोर बसलेल्या माणसापर्यंत येऊन पोचायचा. सासूबाई त्याला म्हणाल्या, "इवाई आले की तोंड उघडू नोको बे. बोलावं वाटलं तं धापोडा खाय." व्याह्यांना तिकडे इवाई म्हणतात, आणि धापोडे म्हणजे ज्वारीचे मोठे पापड. तळून डबाभर ठेवले होते.

बाबा आले. स्टेशनवरून गल्लीपर्यंत चालत आले, हातात छत्री, धोतर वर धरलेलं, आणि चेहरा असा, जसा काही रस्ता त्यांच्याशी उद्धटपणे बोलला होता. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि पहिलंच वाक्य, "वळण नाही."

"कायले?" सासूबाईंनी विचारलं.

"गावाला. स्टेशनवर कुणी रांगेत उभं राहत नाही. बाजारात जो तो दुसऱ्याच्या अंगावरून जातो. हा संस्कृतीचा प्रश्न आहे, विहीणबाई. पैसा येतो जातो, पण वळण लागतं पिढ्यान् पिढ्या."

दिराने तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यात धापोडा घातला.

शेजारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहायचे. पाहुणा आलाय आणि विषय निघालाय म्हटल्यावर ते आपल्या ओट्यावरून आमच्या ओट्यावर एक पाय टाकून आले. मास्तरांचं मत तिसरंच. ते म्हणायचे, हा सगळा वंशाचा मामला आहे. गल्लीची पूर्वेकडची रांग बाहेरून आलेल्यांची, पश्चिमेकडची मूळच्यांची, आणि दोन्हींची सरमिसळ झाली म्हणून गावाचा कस गेला. मास्तरांचे आजोबा वाटणीत पूर्वेकडून पश्चिमेकडे राहायला गेले होते, त्यामुळे स्वतःला ते हिशेबात धरत नसत. पुरावा म्हणून ते नाकं मोजायचे. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक कायम खिशात असायचं. आमच्या गल्लीतल्या पुष्कळ माणसांच्या नाकाला दोन्हीकडून टोचल्याचे ठिपके होते.

"साहेब, आपलं नाक जरा," मास्तर म्हणाले.

बाबा नको म्हणतील असं मला वाटलं. पण आपलं नाक पुण्याचं आहे हे सिद्ध व्हायला त्यांची हरकत नसावी. त्यांनी मान वर केली. मास्तरांनी मोजलं, कर्कटक तसंच उघडं धरून गल्लीतल्या सगळ्यांच्या नाकांना लावत गेले. माझ्या नवऱ्याच्या नाकावर बसेना, दिराच्या बसेना, समोरच्यांच्या बसेना. शेवटी सासूबाईंच्या नाकावर ते असं बसलं, जसं काही त्यांच्याच मापानं केलं होतं.

"काय सांगता!" मास्तर आनंदाने ओरडले. "हुबेहूब!"

"हट!" सासूबाईंनी पदराने नाक झाकलं. "माहं नाक असं हाय?"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी आत पळाले आणि डाळीच्या डब्यात तोंड घालून हसले. बाहेर येऊन पाहते तो दिराच्या तोंडात एक धापोडा होता आणि दुसरा वाट पाहत होता.

बाबांना ती नाकाची गोष्ट लागली. त्यांनी ठरवलं की या लोकांना वळण म्हणजे काय ते दाखवूनच द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीची सभा घेतली. चटया टाकल्या, स्वतः अध्यक्ष झाले, मास्तरांना सूचक केलं, समोरच्यांना अनुमोदक. ठराव असा, की नाली मोकळी व्हावी म्हणून प्रत्येकाने आपला ओटा हातभर मागे फोडावा. बाबा छान बोलले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. ठराव एकमताने पास झाला, आभार झाले, चहा झाला, तोही मीच केला, आणि सगळे परत आपापल्या ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी एकाही ओट्याचा टवका उडालेला नव्हता.

बाबा घरोघर विचारत गेले. प्रत्येकाने अतिशय आदराने समोरच्या घराकडे बोट दाखवलं. "ते सुरू करतीन, मंग आमी हावोच की." बाबा संतापले. मला म्हणाले, "बघितलंस? हे इथंच होऊ शकतं." आणि मग गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक वाक्य म्हटलं, ज्याच्यापायी पुढे माझ्या बहिणीचं लग्न जवळजवळ मोडलं. ते म्हणाले, "अहो, चांगल्या कामात पहिला घाव घालणाऱ्याचा तर मान असतो!"

मान हा शब्द तिकडे असा मोकळ्यावर टाकायचा नसतो. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची जायची, होळी कुणी पेटवायची, देवीची ओटी आधी कुणी भरायची, हे सगळं ठरलेलं. त्यावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत. ओटे फोडायचा मान मात्र कुणाचाच ठरलेला नव्हता, कारण याआधी कुणी ओटे फोडले नव्हते. एका घटकेत सगळी गल्ली उठून उभी राहिली. समोरचे म्हणाले, आमचं घर सर्वांत जुनं, मान आमचा. मास्तर म्हणाले, मूळच्या वंशाचा मान. ही त्यांची पश्चिमेकडची बाजू. कोपऱ्यावरचे म्हणाले, नाली सुरूच आमच्यापासून होते. दीर म्हणाला, मान सगळ्यांत गरीब घराचा असला पाहिजे, आणि त्या दिवशी धापोडे संपले होते, त्यामुळे ते वाक्य पूर्ण झालं. आता गरीब कोण यावर भांडण लागलं. आम्ही गरीब, असं कुणी म्हणेना, आणि तुम्ही गरीब, असं म्हटलेलं कुणाला खपेना. जेवणवेळ झाली म्हणून माणसं घरात गेली. बाबा खूश होते. म्हणाले, "बघ, चुरस निर्माण झाली. याला म्हणतात जागृती."

पहाटे मी धक्क्याने जागी झाले. धप्प. मग दुसरीकडून धप्प. मग अशी धपधप सुरू झाली की फळीवरची भांडी नाचायला लागली. झालं होतं असं, की प्रत्येक घराने एकेकट्याने ठरवलं होतं की सगळे झोपेत असताना आपण पहिला घाव घालून मान घ्यायचा. प्रत्येकाने उशाशी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन रात्र काढली होती. आणि अंधारात शेजारचा आवाज ऐकू आल्यावर हातभरावर कोण थांबतो? त्याचा हातभर तर आपला दोन हात. उजाडलं तेव्हा गल्लीत एकही ओटा शिल्लक नव्हता. सगळा दगडमातीचा ढिगारा, पिढ्यान् पिढ्यांचा, नालीत पडला होता. नाली इतकी पक्की तुंबली होती की इंजिनिअर आणून मुद्दाम केली असती तरी तशी झाली नसती, आणि काळं पाणी दारांच्या उंबऱ्यांशी चढत होतं.

आमचा ओटा दिराने फोडला होता. सासूबाईंनीच उठवलं होतं त्याला. "ऊठ बे, मान आपला पाह्यजे. इवाई पाहून राह्यले आपल्याले."

इवाई मात्र पाहत नव्हते, मागच्या खोलीत गाढ झोपले होते. ते रोजच्याप्रमाणे तळहातावर दंतमंजन आणि डोळे अर्धे मिटलेले असे दार उघडून ओट्यावर जायला निघाले. ओटा नव्हता. मी "बाबा!" म्हणेपर्यंत ते गेलेच. पाणी गुडघाभर होतं, पण बसलेल्या माणसाला ते गळ्याशी येतं. आणि पुण्यातल्या कचेरीचे हेडक्लार्क, ज्यांनी मला लहानपणी 'आणि'ऐवजी 'अन्' म्हटलं म्हणून पाढे लिहायला लावले होते, ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अबे काढा बे मले! बुडून राह्यलो ना मी!"

उरलेले दगड उकरणाऱ्या सगळ्या सब्बली थांबल्या.

"अगं माय!" सासूबाई म्हणाल्या. "इवाई तं आपलेच निघाले!"

दिराने हातातली सब्बल टाकली आणि उडी मारली. त्याने बाबांना काखेत हात घालून उचललं. पलीकडून मास्तर ओढायला लागले. थोडा वेळ दोन्हीकडून ओढल्यामुळे ते मधेच अडकले, शेवटी मास्तरांनी सोडलं. मला रडू यायला लागलं होतं. संपलं, असं वाटलं. ज्या मुलाला मुलगी द्यायची की नाही ते बघायला आले, त्यानेच बापाच्या पायाखालचा ओटा काढून घेतला. आता धाकटीला मी काय तोंड दाखवणार होते?

नालीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते ओटे माघापर्यंत परत बांधले गेले, त्याच दगडांनी. दगड वाया जाऊ नयेत म्हणून थोडे पुढेच आले. गाव कशानं बिघडलं हे अजून ठरलेलं नाही.

त्या सकाळी सासूबाईंनी पाण्याचा हंडा तापवला, बाबांना न्हाऊ घातल्यासारखंच केलं, आणि दिराचा लेंगा आणि बंडी घालायला दिली. लेंगा आखूड होता. बाबा घरात घोंगडीवर बसले, मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. बाहेर गल्लीत पहिला घाव कुणाचा यावर रणधुमाळी चालली होती. दीर दाराशी उभा होता, अंगावरचा चिखल वाळत आलेला. तो काही म्हणजे काही बोलत नव्हता. मी त्याला इतका गप्प पहिल्यांदाच बघत होते.

सासूबाईंना वाट पाहणं माहीतच नव्हतं. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "जे झालं ते झालं. पोरगी देता का नाही, तेवढं सांगा."

बाबांनी आखूड लेंग्यातून बाहेर आलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. "देतो," ते म्हणाले.

आम्हा कुणालाच ते खरं वाटेना. सासूबाईंनी परत विचारलं.

"देतो म्हणतोय ना. इथे नाही तर कुठे देऊ?" आणि मग, माझ्याकडे न बघता, ते सांगू लागले. "हिच्या वेळी पुण्यातली दोन घरं चालून आली होती. चांगली शिकलेली माणसं. पोहे खाल्ले, गाणं म्हणायला लावलं. मूळचे कुठले, म्हणाले. मी म्हटलं, मोताळ्याचे. मग निरोप आला मधल्या माणसाकडून. मुलगी चांगली आहे, पण तिकडच्या माणसांचं वळण वेगळं. दोन्ही घरांनी तेच सांगितलं. दुसरं घर आलं तेव्हा मी मोताळा म्हणालोच नव्हतो, त्यांनी शोधून काढलं." मग लेंगा खाली ओढत ते म्हणाले, "मी इथे येऊन तेच बोलत बसलो."

माझा हात त्यांच्या डोक्यावरच राहिला. ते पोहे मी केले होते. गाणं मी म्हटलं होतं. दोन्ही वेळा निरोप काय आला ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की मला कारण माहीत आहे. मी सावळी, म्हणून. त्यानंतर कितीतरी महिने मी साय आणि डाळीचं पीठ चोळत होते. आरशाजवळचा दिवा मालवून केस विंचरायचे. लग्नातल्या फोटोत मी मान खाली घातली आहे ती लाजून नाही.

"मी काळी म्हणून नाही म्हणाले असं वाटायचं मला," मी म्हटलं. घरात पहिल्यांदाच म्हटलं.

"काळी?" बाबा दचकले. मागे वळून माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी आत्ताच घरात आले होते.

"वैनी, काळं नाही अन् वळण नाही," दीर दारातून हळूच म्हणाला. "क्लार्कच्या पोरीत त्याहिले हुंडा दिसला नसन."

कुणी त्याला गप्प केलं नाही. असेलही तसं. मला आजही माहीत नाही. सासूबाई आम्हा तिघांकडे एकेक करून पाहत होत्या, आणि आमच्यातल्या कुणाचंही त्यांना पटत नव्हतं हे दिसत होतं.

"मंग बरंच झालं ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "ते येडे निघाले म्हणून हे आमाले भेटली."

मलकापूरला येऊन मला दोन वर्षं होत आली होती. इतके दिवस मी समजत होते की दुसरीकडे कुणी घेतलं नाही म्हणून मला इथे दिलं. ते खोटंही नव्हतं. पण मी कुणाला तरी भेटले आहे, म्हणजे तिकडच्या भाषेत मिळाले आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या डोक्याला पुरेसं तेल झालं होतं, खाली मानेवर ओघळत होतं, तरी मी चोळतच राहिले, कारण हात थांबवला असता तर पुढे येऊन सगळ्यांसमोर बसावं लागलं असतं.